शाळा सोडण्याचे कारण

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाची शेवटची आठ पानं ‘माजी विद्यार्थी-शिक्षक वृत्त’ या सदराची असतात. ती भरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी शिक्षक नव्हे, शाळेचा लिपिक. कविता, निबंध आणि सहलीची वर्णनं मराठीच्या बाई बघतात, जाहिराती उपमुख्याध्यापक गोळा करतात आणि मागची पानं भाऊसाहेबांच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला येतात. पत्ते ऑफिसात असतात आणि ऑफिसात मी असतो, एवढाच त्यामागचा विचार.

शाळा इचलकरंजीतली. खाजगी, अनुदानित, मराठी माध्यमाची. म्हणजे इमारत आणि कारभार संस्थेचा, मान्यता मिळालेल्या शिक्षकांचा पगार शासनाचा, आणि पत्रे गळायला लागले की पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने निघणारा. माजी विद्यार्थ्यांनी अंक चाळावा, त्यांना शाळा आठवावी आणि त्यांच्याकडून एखादा पंखा, एखादा संगणक यावा, अशी अपेक्षा त्या आठ पानांमागे असते. ती लपवण्यासारखीही नाही. आमच्या प्रयोगशाळेतले पंखे एका बॅचने दिलेत, आणि ते अजून फिरतात.

मजकूर पूर्वी अंतर्देशीय पत्रांवर यायचा, मग ईमेलवर, आता व्हॉट्सॲपवर येतो. त्याचा साचा मात्र बदललेला नाही. ‘सध्या पुणे येथे नामांकित कंपनीत वरिष्ठ पदावर कार्यरत. पत्नी गृहिणी. चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात. कोथरूडला स्वतःची सदनिका.’ स्थळाच्या बायोडाटात जे जे असतं ते सगळं यात असतं, रास आणि उंची तेवढी नसते. मी ते छापतो, आणि त्यात मला कमीपणाही वाटत नाही. माणसाला आपलं बरं चाललंय हे जिथून सुरुवात केली तिथे कळवावंसं वाटतं. पण बरीच वर्षं ही पानं जुळवल्यावर एक गोष्ट डोळ्यांवर येते. पाठवणारे बहुतेक सगळे एकाच प्रकारचे. अ तुकडीतले, दहावीला बरे गुण पडलेले, गाव सोडून गेलेले. बाकीच्यांचं काय झालं, ते आठ पानांत कुठेच नसतं.

त्यांची खबर मला ऑफिसच्या खिडकीत मिळते. मात्र ती द्यायला म्हणून कुणी आलेलं नसतं. माणूस शाळेत परत येतो तो कागदासाठी. दाखला हरवलाय. पासपोर्टला जन्मस्थळ जुळत नाही. मुलीची जात पडताळणी अडलीय. वडील वारले, त्यांच्या नावाचं स्पेलिंग विम्याच्या कागदावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. अर्ज लिहून घ्यायचा, शाळा सोडल्याचं साल विचारायचं, कपाटातून जनरल रजिस्टर काढायचं आणि बोट फिरवत ओळ शोधायची. या शोधण्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस बोलतो.

जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक आडवी ओळ मिळते. नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, मग प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण आणि शेरा. जुन्या पानांवर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून इतक्या वेळा येतो की नवख्याला वाटावं, या गावात बायका एकाच दिवशी बाळंत होत होत्या. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी अंदाजाने वय धरून १ जून टाकून मोकळे व्हायचे. आज त्या १ जूनवरच माणसं निवृत्त होतात आणि फेसबुकवर शुभेच्छा घेतात. शाळा सुटल्यावर ती तारीख सहजासहजी बदलता येत नाही. ‘भाऊसाहेब, माझा जन्म थंडीतला हाय, आई सांगत होती,’ असं साठीला आलेला माणूस सांगतो, तेव्हा मी मान डोलावतो आणि १ जूनच उतरवून देतो.

रजिस्टर उघडलं की जवळपास प्रत्येकजण खिडकीतून मान आत घालतो. ‘माझं काय लिवलंय बघा की.’ गुण त्यांना पाठ असतात, ते विचारत नाहीत. विचारतात वर्तणूक. ती बहुतेक सगळ्यांची ‘चांगली’ असते. माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी शाईच्या पेनाने वळणदार अक्षरात पानंच्या पानं ‘चांगली’ लिहून ठेवलंय. एखाद्याच्या वर्तणुकीत वाईट लिहिलं तर तो दाखला त्याला जन्मभर अडवील, हे त्यांना माहीत होतं. आता पोलिसात असलेला एकजण ते वाचून खो खो हसला होता. त्याला शाळेतून दोनदा घरी पाठवलं होतं.

‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात मात्र एवढी दयामाया नाही. ‘एस.एस.सी. उत्तीर्ण.’ ‘एस.एस.सी. अनुत्तीर्ण.’ ‘पालकांची बदली.’ ‘पालकांचे विनंतीवरून.’ आणि सगळ्यात जास्त कागद खाणारं, ‘सतत गैरहजर’.

एक गृहस्थ मुलीच्या जात पडताळणीसाठी आले होते. इतर मागासवर्गाचा दाखला असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यांचे आजोबा शाळेतच गेलेले नाहीत, तेव्हा चुलत आजोबांची नोंद आमच्याकडे मिळते का ते बघायचं होतं. ती मिळाली. मग त्यांची स्वतःची ओळ काढली. नववीतून गेलेले. कारण, सतत गैरहजर.

ते वाचून त्यांनी जे सांगितलं ते असं. वडील रात्रपाळीला माग चालवायचे. आई कांडी मशीनवर, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत भरायला. सकाळी शाळेच्या आधी हे कांड्या भरायला जायचे, आणि आईला बरं नसलं की दिवसभर तिथेच. म्हणाले, “गैरहजर कुठं? कारखान्यात हजर हुतो की रोज.” मग माग चालवायला लागले, मग जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. पुढे जुने माग विकत घेऊन स्वतःचा कारखाना टाकला. ते खर्चीवाले. आमच्याकडे खर्चीवाला म्हणजे ज्याचं सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. माग, वीज आणि कामगार तेवढे स्वतःचे. मजुरी पिकावर मिळते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती. कामगारांच्या मजुरीची बोलणी इथे ५२ पिकाच्या कापडावर होतात, आणि त्या एका आकड्यावरून गावात संप झालेत.

हे गाव १९०४ सालापासून मागावर उभं आहे. विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग त्या साली बसवला, संस्थानिक नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि पुढे घराघरात पत्र्याच्या शेडमध्ये खडखडाट सुरू झाला. आमच्या शाळेतली निम्मी मुलं तो आवाज ऐकतच मोठी झाली. आता एअरजेट आणि रेपियर माग आलेत, धोट्याविना, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या ठोकळ्याविना, चालणारे. साधे माग भंगाराच्या भावाने जातात. या गृहस्थांनी अर्धे विकलेत. पण उरलेल्यांविषयी ते बोलत होते तेव्हा मी शोधायचं थांबवून ऐकत बसलो होतो. दारात उभं राहिलं की आवाजावरून कळतं म्हणाले, कुठल्या मागाचा धोटा उडणार आहे. उडालेला धोटा माणसाला लागला तर डोळा जातो. त्यांनी दोन माणसांना वेळेत मागे ओढलंय.

अंकाच्या साच्यात हे बसवायचं तर ‘यंत्रमाग व्यावसायिक’ असे दोन शब्द झाले असते. मी त्यांना विचारलं, हे जसंच्या तसं छापू का? ते लाजले. “त्यात काय छापताय? आमची काय नोकरी हाय व्हय?” मग थोडं थांबून म्हणाले, “छापा. पर ते गैरहजर तेवढं घालू नका.”

इथून माझी अडचण सुरू झाली. खिडकीत कळलेलं सगळं छापता येत नाही. माणूस कागदासाठी आलेला असतो, आणि कागद मिळावा म्हणून घरातलं सांगत असतो. घटस्फोट, दत्तक, वडिलांचं दुसरं घर, आडनाव बदलण्याचं खरं कारण, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर उद्यापासून कुणी तोंड उघडणार नाही, आणि ते योग्यच होईल. म्हणून मी नियम केला. आधी कागद हातात द्यायचा, सही घ्यायची, काम संपवायचं. मग विचारायचं. काम अडलेल्या माणसाला काही विचारणं म्हणजे त्याला हो म्हणायला लावणं.

निम्मे नाही म्हणतात. एका बाईंनी मात्र आधी नाही म्हटलं आणि सहा महिन्यांनी हो. आठवीतून गेलेल्या; कारण ‘पालकांचे विनंतीवरून’. त्या विनंतीचा अर्थ त्या काळात एकच असायचा. लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवरा सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला. त्या अंगणवाडीत मदतनीस. सेविका व्हायचं तर शिक्षण लागतं, म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरायला दाखला हवा होता. शाळेत न येता दहावीला बसणाऱ्यांसाठी तो फॉर्म असतो. आमच्या ऑफिसात दर वर्षी त्याची एक फाइल होते, आणि त्या फाइलीतली नावं रजिस्टरातल्या जुन्या ओळींशी जुळवताना हिशेब लागतो की कोण किती वर्षांनी परतलं.

त्यांची मोठी मुलगी तेव्हा आमच्याच शाळेत नववीत होती. आईने फॉर्म भरल्याचं कुणाला सांगू नका असं तिने मला येऊन बजावलं. पहिल्या वेळी गणित राहिलं. जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटलं. निकाल घ्यायला आल्या तेव्हा पेढे नव्हते, घाई होती. “आता छापा,” म्हणाल्या. मी विचारलं, काय छापू? “मदतनीस काय करती ते छापा. सेविकेचं सगळ्यास्नी म्हाईत असतंय.” मग सांगितलं. पोरांना घरून आणायचं, हातपाय धुवायचे, खिचडी शिजवायची, वजनकाट्यावर रडणाऱ्याला धरायचं, आणि कुपोषित पोर असलं तर त्याच्या आईशी भांडायचं नाही, भांडलं की ती पोराला पाठवत नाही. दहा ओळी झाल्या. त्या वर्षीच्या अंकात तेवढंच काय ते वाचण्यासारखं होतं, असं माझं मत आहे. मराठीच्या बाईंचंही तेच, त्यांनी ते स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं म्हणून लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गावात शिरली तेव्हा खिडकीत जाऊन बसायची वेळच आली नाही. शाळा निवारा केंद्र झाली होती. नदीवेस आणि गावभागातली कुटुंबं वर्गांत राहायला आली. बाकं भिंतीला लावून मध्ये सतरंज्या. त्यात कितीतरी माजी विद्यार्थी. आपण कुठल्या वर्गात बसत होतो ते प्रत्येकाला आठवत होतं, आणि शक्यतो त्याच वर्गात जागा मिळावी म्हणून एकदोघांनी शिपाईमामांकडे वशिला लावला. एकाने आपल्या म्हाताऱ्या आईला फळ्याखाली गादी घालून दिली आणि तिला सांगत होता, इथं मी ओणवा उभा राहायचो.

पाणी उतरल्यावर दुसरी रांग लागली. ट्रंका भिजल्या होत्या. दाखले, गुणपत्रिका, सातबारे, लग्नाचे फोटो, सगळ्याचा लगदा. डुप्लिकेट दाखल्याला प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्याला पैसे लागतात, म्हणून मुख्याध्यापकांनी ज्यांचं काम रजिस्टरच्या उताऱ्यावर भागेल त्यांना साध्या अर्जावर निर्गम उतारे द्यायला सांगितलं. हात दुखेपर्यंत उतारे लिहिले. त्या काळात जेवढी माणसं भेटली तेवढी कुठल्याच स्नेहमेळाव्यात भेटली नाहीत. स्नेहमेळाव्याला येणारे इस्त्रीचे कपडे घालून येतात, शाल-श्रीफळ आणतात, जुन्या बाकावर बसून फोटो काढतात. ती माणसं वाईट नसतात. पण त्यांना काय विचारायचं ते मला सुचत नाही, कारण त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं.

तशीच गर्दी २०२३ च्या शेवटी झाली. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरातल्या कुणबी नोंदी शोधायचे आदेश आले. गावोगावच्या शाळांचे लिपिक रजिस्टरं उघडून बसले. जिथे दप्तर जुनं तिथे मोडी वाचणारे शोधावे लागले. आमची शाळा स्वातंत्र्यानंतरची, सगळं देवनागरीत, तेवढा त्रास वाचला. पण फोन कुठून कुठून यायचे. पुणे, सुरत, बेळगाव. आजोबांची नोंद बघा म्हणणाऱ्याला आजोबा कोण, त्यांना भाऊ किती, ते कुठे गेले, हे विचारावंच लागतं. त्या हिवाळ्यात माझ्या वहीत एवढी कुटुंबं जमा झाली की त्या वर्षीच्या वृत्तासाठी वेगळं काही मागवावंच लागलं नाही.

काही ओळी मात्र तशाच राहतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून मागावर आलेल्यांची मुलं आमच्याकडे मराठी माध्यमात शिकतात. बाराखडी आमच्या मुलांपेक्षा चांगली काढतात, आणि एखाद्या होळीला गावी गेलेली परत येत नाहीत. टाळेबंदीत २०२० ला तर एकदम गेली. एका मुलाने दोन वर्षांनी गयेजवळच्या गावातून दाखल्यासाठी फोन केला. बोलणं शुद्ध मराठीत, अगदी शासकीय अर्जातल्या. तिथे त्याच्याशी मराठी बोलायला कुणी नाही म्हणाला. दाखला पाठवला, पुढचं माहीत नाही.

शिक्षकांचं वृत्त वेगळ्या वाटेने येतं. त्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असतात, त्यामुळे त्यांचं आयुष्य मला आधी नोंदींनी कळतं आणि मग तोंडी. नेमणूक, वैयक्तिक मान्यता, वेतननिश्चिती, रजा, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. पेन्शनचे कागद मुंबईला महालेखापालांकडे जातात. मग दर नोव्हेंबरला बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करायला निवृत्त मंडळी येतात. बँक शाळेच्या जवळ आहे, म्हणून सही झाली की पाय इकडे वळतात. नोव्हेंबर हा माझा शिक्षकवृत्ताचा महिना. कोण आलं त्यावरून बातमी कळते, कोण आलं नाही त्यावरूनही कळते.

गणिताचे एक सर न चुकता येतात. ऐंशी ओलांडलीय. त्यांच्या हातची छडी ज्याने खाल्ली नाही असा त्या काळातला विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. नळाची गणितं आणि काळ-काम-वेगाची उदाहरणं घातल्यासारखं ते मला विचारतात: अमक्या सालचा, अमक्या हजेरी क्रमांकाचा, त्याचं काय झालं? नाव विसरतात, क्रमांक नाही. त्यांनी शिकवलेल्यांपैकी मागावर गेलेल्यांविषयी ते जास्त चौकशी करतात. पीक, मीटर, मजुरी यांचा हिशेब तोंडी करणारा पोरगा भेटला की त्यांना बरं वाटतं. हुशार म्हणून नावाजलेल्यांची चौकशी त्यांनी कधी केल्याचं आठवत नाही.

सगळ्यांचा नोव्हेंबर असा नसतो. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात आम्ही शिक्षकेतरही त्यांच्याबरोबर बाहेर बसलो होतो. आणि त्याहून वाईट गत विनाअनुदानित तुकड्यांवरच्यांची. एकाच शाळेत, एकाच घंटेवर, शेजारशेजारच्या वर्गांत दोन शिक्षक शिकवतात. एकाला वेतन आयोग, दुसऱ्याला संस्था देईल ते मानधन. आमचे विज्ञानाचे एक सर २००३ साली अशा तुकडीवर लागले. आज अनुदान येईल, उद्या येईल म्हणत राहिले. दिवसा प्रकाशाचं परावर्तन शिकवायचे आणि संध्याकाळी एका सायझिंगमध्ये दिवाणजी म्हणून हिशेब लिहायचे. ज्या मुलांना शिकवायचे त्यांच्याच बापांच्या सह्या तिथल्या हजेरीपटावर घ्यायचे. मुंबईला आझाद मैदानावर उपोषणाला जाऊन आले. २०१६ ला २० टक्के अनुदानाचा शासननिर्णय निघाला, पण तोवर घरात म्हातारपणाची आजारपणं आली होती. त्यांनी राजीनामा दिला. आता हातकणंगल्याच्या बाजूला सात-आठ म्हशी आहेत, डेअरीला दूध घालतात. फोनवर विचारलं तर म्हणाले, दुधाचं फॅट मोजतात त्या यंत्रात प्रकाशाचंच काम आहे, तेव्हा विषय सुटलेला नाही.

त्यांचं वृत्त मी छापायला घेतलं तेव्हा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी प्रूफ बघून विचारलं, यात शाळेचं यश कुठे आहे? अंक पालकांच्या हातात जातो, इंग्रजी माध्यमाच्या शाळा चारी बाजूंनी उभ्या आहेत, पट दरवर्षी कमी होतोय, पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्यांची काळजी खोटी नव्हती. आमच्या दोन बाई अशाच अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात समायोजनाने गेल्यात, रोज दोन एसट्या बदलतात. शाळा सोडून म्हशी पाळणारे सर वाचून कुठला पालक मुलाला आमच्याकडे घालील, असा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, ज्या सरांनी बिनपगारी तेरा वर्षं शिकवलं त्यांच्याच हातून त्या पालकांचे धाकटे भाऊ पास झालेत, त्यांना सांगायला नको का? बोलणं वाढलं. शेवटी आठ पानांतली दोन मला मिळाली, सहा बायोडाट्यांना. म्हशींचा उल्लेख ‘शेतीपूरक व्यवसाय’ असा झाला. सरांनी अंक वाचून फोन केला आणि आधी तेवढ्यावरच हसले.

ती दोन पानं गेली काही वर्षं टिकून आहेत. बाहेरगावचे लोकही आता ती आधी वाचतात, असं कळवतात. जर्मनीत कापड यंत्रांच्या कारखान्यात असलेला एकजण, आमच्याकडून दहावी होऊन इथल्याच डीकेटीई या वस्त्र-अभियांत्रिकीच्या कॉलेजात शिकलेला, त्याने खर्चीवाल्यांची नोंद वाचून चार प्रश्न पाठवले होते. आवाजावरून धोटा उडणार हे नेमकं कसं ओळखतात? मी नंबर जोडून दिला. दोघांचं तासभर बोलणं झालं म्हणे. काय बोलले ते मला समजण्यासारखं नव्हतं.

यंदा संस्थेने सगळं आधुनिक करायचं ठरवलं. अंकावर क्यूआर कोड, तो मोबाइलवर धरला की फॉर्म उघडतो. नाव, दहावीचं वर्ष, पद, कंपनी, मिळालेले पुरस्कार, फोटो. तरुण संगणक शिक्षकाने तो तयार केला आणि काही सुचवायचं आहे का म्हणून मला दाखवला. मी एक रकाना वाढवायला सांगितला: शाळा सोडण्याचे कारण. तो म्हणाला, भाऊसाहेब, ते तर रजिस्टरात असतंच. मी म्हटलं, असू दे.

उत्तरं यायला लागली. बहुतेकांनी ‘दहावी पास’ लिहून पुढचा रकाना गाठला. एका बॅचच्या सातआठ जणांनी ‘निकाल लागला, नाइलाज झाला’ असं लिहिलं, ते त्यांच्या ग्रुपवर ठरलेलं दिसतं. ‘कोरोना बॅच, शाळा सोडली कधी ते कळलंच नाही.’ ही २०२१ ची मुलं, ज्यांची परीक्षा झालीच नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ‘वडिलांचे माग विकले.’ ‘बहिणीचं लग्न, तिच्या जागी कांडीवर मी.’ ‘शाळेत मुलींचं स्वच्छतागृह नव्हतं.’ हे शेवटचं उत्तर मी पदाधिकाऱ्यांना मुद्दाम कागदावर छापून दिलंय. स्वच्छतागृह आता आहे, पण त्याला पाणी असतंच असं नाही. विज्ञानाच्या सरांनीही फॉर्म भरला, पदाच्या रकान्यात ‘दूध उत्पादक’ आणि कारणाच्या रकान्यात ‘अनुदान’ एवढं एकच.

आणि १९९४ च्या एकाने लिहिलं होतं: ‘गणिताच्या सरांमुळे.’ खाली नाव, गाव, मोबाइल नंबर, सगळं. सध्या हुपरीत चांदीच्या कारागिरीचा कारखाना आहे.

हे छापायचं का, हे मला एकट्याला ठरवता येईना. नोव्हेंबर होताच. सर बँकेतून आले, पाणी प्यायले, खुर्चीत टेकले. मी त्यांना ते उत्तर वाचून दाखवलं.

“हजेरी क्रमांक काय?” त्यांनी विचारलं.

मी रजिस्टर आणि जुना हजेरीपट काढून क्रमांक सांगितला. सर थोडा वेळ आढ्याकडे बघत राहिले.

“अपूर्णांक यायचे नाहीत त्याला,” ते म्हणाले. “लई मारला मी. बरोबर लिहिलंय. छाप. आणि नंबर दे इकडं त्याचा, चांदीत तूट कशी धरतो ते विचारतो.”